वसमतकर बाईंचं कोर्ट

वसमतकर बाईंनी मला पहिल्याच तासाला एका सोनाराचा वकील केलं.

मी तोवर त्या नाटकाचं एक पानही उघडलं नव्हतं. खरं सांगायचं तर मराठी हा विषय मी उघडायचाच नाही अशा बेतानं घेतला होता. सेकंड लँग्वेजला तेलुगू घ्यावी तर ती नीट यावी लागते, हिंदीच्या वर्गात बसायला बाक मिळत नव्हता, आणि मराठीच्या बाई मायाळू आहेत, कुणाला नापास करत नाहीत, असं सीनियर पोरांनी सांगितलेलं. माझा सगळा जीव दिलसुखनगरला अडकलेला. तिथं गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, एकेका बिल्डिंगवर सात-सात बोर्ड. नव्वदीतली ती वर्षंच तशी होती. ज्याला त्याला वाटायचं, सहा महिन्यांचा कोर्स केला की अमेरिकेचं विमान आपल्याला घ्यायला दारात येणार. मलाही वाटायचं. त्यामुळे मलकपेठेतल्या आमच्या कॉलेजात मी फक्त हजेरीपुरता होतो आणि मराठीच्या तासाला तर तेवढाही नाही.

वर्गात आम्ही नऊ जण. बाई आल्या, हजेरी घेतली आणि म्हणाल्या, "या नाटकात दोन माणसं मेलेली आहेत. तरुण, चांगली धडधाकट. कुणीतरी जबाबदार असणार. वर्षभरात आपल्याला ते शोधायचंय. प्रत्येकाला एकेक अशील मिळेल. पुस्तकाबाहेरचा पुरावा चालणार नाही."

मग त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा फिरवला. माझ्या चिठ्ठीवर 'सोनार' असं लिहिलेलं. मी शेजारच्या अनिलला विचारलं, "अरे, हे काय लफडं आहे?" तो म्हणाला, "माझ्याकडं तर राजवैद्य आलाय, तू गप बस."

नाटकाचं नाव 'संगीत कंकणभंग'. जुनं, पदाबिदांचं, आणि शेवटी दोघंही मरतात. किल्लेदाराची मुलगी चित्ररेखा आणि गवयाचा मुलगा जयदत्त यांचं प्रेम बसतं. जयदत्त लढाईला निघतो. जाताना तो तिच्या हातात एक कंकण घालतो, जोडीतलं दुसरं स्वतःजवळ ठेवतो आणि सांगतो, हे दुसरं कंकण कुणी एकटं घेऊन आलं तर समज मी गेलो. किल्लेदाराला मुलगी दुसरीकडे द्यायची असते. तो सोनाराकडून हुबेहूब तसलंच कंकण घडवून घेतो आणि एका हुजऱ्याच्या हाती तिला पाठवतो. ती विष घेते. दुसऱ्या दिवशी जयदत्त जिवंत परत येतो, आणि पुढचं सांगायला नको. एवढ्या गोष्टीत माझ्या सोनाराच्या वाट्याला तिसऱ्या अंकात तीन वाक्यं आली होती.

बाईंचे वडील जुन्या निजामी अमदानीतले वकील. त्या काळी कोर्टाचा कारभार उर्दूत चालायचा, आणि बाई लहानपणी त्यांचं बोट धरून कोर्टात जाऊन बसायच्या. ते सगळं त्यांच्या जिभेवर राहून गेलं होतं. आरोपीला त्या मुल्जिम म्हणायच्या, उलटतपासणीला जिरह आणि निकालाला फैसला. मराठी मात्र अशी शुद्ध की ऐकताना आपलीच आपल्याला लाज वाटावी. एकदा कुणीतरी पोरानं हौसेनं लाकडी हातोडा करून आणला, बाईंना टेबलावर ठोकायला. बाई म्हणाल्या, "हातोडा सिनेमात असतो. माझ्या वडिलांच्या कोर्टातले जज नुसते खाकरायचे." आणि त्या खाकरल्या. तेवढ्यानं नऊच्या नऊ जण गप्प झाले. हातोडा पुढं त्यांनी खिडकीच्या मोडक्या झडपेखाली अडकवून टाकला.

एकदा प्रिन्सिपॉलसाहेब दारावरून चालले होते, तेव्हा नेमकं अनिलनं घसा ताणून "मुल्जिम को हाजिर करो" अशी आरोळी ठोकली. साहेब तेलुगू माणूस, त्यांना वाटलं कॉलेज इलेक्शनची मारामारी पेटली. ते दार ढकलून आत आले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ट्रॅजेडी चालू आहे, बसा." साहेब खरोखर बसले, पंधरा मिनिटं. जाताना त्यांनी विचारलं, मुलगी वाचते का? बाई म्हणाल्या, "अजून तरी कुठल्याच वर्षी वाचली नाही."

घरात आम्ही मराठी बोलायचो, पण वाचायची सवय कुणाला? शाळा इंग्लिश मीडियमच्या, बाहेर तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू. जोडाक्षर आलं की अंधाऱ्या जिन्यात पायरी चुकावी तसा मी अडखळायचो. बाई हसल्या नाहीत कधी. त्यांनी एक रीत ठेवली होती. नाटकातलं कुठलंही वाक्य आधी मोठ्यानं वाचायचं, मग आपण घरी जसं बोलतो तसं सांगायचं. चित्ररेखा जयदत्तला निरोप देताना म्हणते, 'प्राणनाथ, आपल्या विरहाचा एकेक पळ मजला युगाहून दीर्घ भासेल.' बाई अनिलला म्हणाल्या, "सांग." अनिल डोकं खाजवत म्हणाला, "लवकर ये ना जी. करमत नाही मला."

आम्ही फिदीफिदी हसलो. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. तिला एवढंच म्हणायचंय. मग नाटककारानं इतके दागिने का घातले त्यावर?"

मी म्हणालो, "त्या काळी लोकांना वेळ भरपूर असंल, मॅडम."

"नाही. ती घाबरलेली आहे. घाबरलेलं माणूस एक तर बोलतच नाही, नाहीतर सजवून बोलतं. आता मागं जा. ती सखीशी बोलते तेव्हा एक तरी दागिना आहे का बघा."

बघितलं, तर नव्हता. सखीशी ती साधं बोलत होती, अनिलनं सांगितलं तसं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की च्यायला, या पुस्तकात काहीतरी आहे.

दुसऱ्या एका तासाला त्यांनी चित्ररेखेचे प्रश्न मोजून आणायला सांगितले. नुसते प्रश्न. पहिल्या अंकात एकतीस निघाले. हे काय, तो कोण, पलीकडे कुठला गाव, गाणं कुणी शिकवलं. दुसऱ्यात बारा. शेवटच्या अंकात एकही नाही. बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले आणि खडू ठेवला. "माणूस विचारायचं थांबला की त्याला जपावं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

कॉलेजच्या मागं रेसकोर्स. शर्यतीच्या दिवशी लोकांचा गलका थेट वर्गात येई. एका सोमवारी सुजाता विषप्राशनाचा प्रवेश वाचत होती. ती फार सुंदर वाचायची. आम्ही सगळे बाकावर पुढं सरकून बसलो होतो. चित्ररेखेनं पेला उचलला आणि बाहेर हजारभर माणसं एकदम ओरडली, शिट्ट्या वाजल्या. सुजाता थांबली. बाईंनी खिडकीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कुणाचं तरी भलं झालं. हं, पुढं वाच." त्या स्वतः इतक्या हसल्या की पुढं वाचणं झालंच नाही. डोळे पुसत म्हणाल्या, "शोकांतिकेत असंच असतं बाळांनो, शेजारी कुणाची तरी वरात चाललेली असते."

आता माझ्या सोनाराचं सांगतो, कारण माझी जी काही अब्रू गेली ती तिथंच. मी ऐटीत उभा राहिलो. म्हणालो, माझा अशील गरीब कारागीर, ऑर्डर आली, माल दिला. त्याचं एकच म्हणणं आहे, 'हुबेहूब होईल, सरकार.' यात गुन्हा कसला?

बाई खाकरल्या. "वकीलसाब, पान?"

"चौपन्न."

"हुबेहूब होईल म्हणतो. मूळ कंकण कुठं आहे तेव्हा?"

"तिच्या हातात."

"ती अंतःपुरात. सोनार गढीबाहेर. न बघता हुबेहूब कसं होईल?"

मी पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आलो. कुठं काही सापडेना.

"म्हणजे कुणीतरी ते त्याला दाखवलं," बाई म्हणाल्या. "तिच्या हातातून कुणीतरी घटकाभर काढून नेलं. कुणी? वकीलसाब, अशिलाला भेटलात की नाही? का वकीलपत्रावर नुसती सही केली?"

सखीची वकील असलेली पोरगी एकदम पांढरी पडली. दुसऱ्या अंकात सखी चित्ररेखेला न्हायला घालते आणि दागिने उतरवून ठेवते. बत्तीस पान. दोन महिने आम्ही ते पान वाचलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वर्गात असा आरडाओरडा झाला म्हणता, रेसकोर्सवर काय होत असेल. मी त्या दिवशी दिलसुखनगरचा क्लास बुडवला आणि बसमध्ये ते नाटक वाचत घरी गेलो.

सुजाता खिल्लारेकडं चित्ररेखेचं वकीलपत्र होतं. अंबरपेठेत राहायची, मूळ घर परभणीकडचं. घरात पुस्तकं होती, सगळी मराठी. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांची फळी, असं ते घर मी नंतर बघितलं. वर्गात बोलायची कमी. पण उभी राहिली की पुस्तक न उघडता पान सांगायची. तिला बाईंचा जरा जास्त लळा होता, आणि बाईंना तिचा. हे आम्हाला सगळ्यांना कळायचं आणि कुणालाही खुपायचं नाही.

दिवाळीनंतर बाईंनी एक काम दिलं. प्रत्येक वकिलानं आपल्या अशिलाचा जबाब लिहून आणायचा, अशिलाच्या तोंडून. मी सोनाराचं आठ ओळींचं रडगाणं लिहिलं. सुजातानं तीन पानं लिहिली असणार. असणार म्हणतो, कारण जबाब द्यायच्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला. अनिल तिच्याच गल्लीतला. तो बातमी घेऊन आला. "मॅडम, तिचं कॉलेज बंद केलंय. परभणीला मावशीकडं धाडू लालेत. स्थळ बघितलंय म्हणं."

बाईंनी हजेरीचं पुस्तक मिटलं. मला म्हणाल्या, "तुझ्याकडं गाडी आहे ना?"

माझ्याकडे एक मोपेड होती. चढावर आपणही पाय मारावे लागायचे. पन्नाशी उलटलेल्या वसमतकर बाई पदर खोचून, मांडीवर पिशवी घेऊन तिच्यावर मागं बसल्या, आणि मलकपेठेपासून अंबरपेठेपर्यंत मला एकच गोष्ट सांगत राहिल्या: "हळू चालव रे, मला अजून फैसला द्यायचाय." अनिल सायकलवर आमच्या पुढं होता.

खिल्लारे काका दारातच भेटले. उंच, सडपातळ, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, आम्हाला पाणी दिलं, आत चहा सांगितला. सगळं रीतसर. मग कपाटातून चार घड्यांचा कागद काढून त्यांनी बाईंपुढं ठेवला.

"बाई, मी टपाल खात्यात सॉर्टर आहे," ते म्हणाले. "पत्रं वेगळी करायची, ज्या त्या गावच्या खणात टाकायची. सव्वीस वर्षं झाली. मराठी, उर्दू, तेलुगू, इंग्रजी, कुठलाबी पत्ता द्या, वाचतो. पण आजवर कुणाचं पत्र उघडून वाचलं नाही. हे वहीतून पडलं. पत्रासारखी घडी होती. मी उघडलं. चूकच झाली. पण वाचल्यावर हातपाय गार पडले माझे."

बाईंनी कागद उघडला. मी वाकून बघितलं. सुजाताचं सुबक अक्षर. 'माझ्या मृत्यूला माझे वडील जबाबदार आहेत. त्यांनी माझं वाईट चिंतलं नाही, पण मला कधी काही विचारलंही नाही. ज्याला मी शब्द दिला त्याच्यामागे मी आज जात आहे.' वर नाव नाही, खाली सही नाही.

आमच्या वर्गात हा कागद कुणीही बघितला असता तर चित्ररेखेचा जबाब म्हणून ओळखला असता. त्या घरात तो बापाच्या हाती पडला होता. पोरीनं प्रेमात पडून जीव द्यायचं ठरवलंय, असंच त्यांना वाटलं, आणि चार दिवसांत त्यांनी परभणीचं नक्की करून टाकलं. पोरगी रडत सांगत होती की अभ्यास आहे, नाटकाचा आहे, तर त्यांना वाटलं थापा मारते. असला कुठला अभ्यास असतो?

बाईंनी तिन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. मग पिशवीतून लाल पेन काढलं, एके ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, समासात 'पान नंबर नाही' असं लिहिलं आणि खाली मार्क दिले. दहापैकी साडेआठ. कागद पुन्हा काकांच्या हातात.

काका त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग बाईंनी पिशवीतून 'कंकणभंग' काढून त्यांना सगळं सांगितलं, किल्लेदार, सोनार, हुजऱ्या. ऐकता ऐकता त्यांचे खांदे खाली आले. आतल्या दारात सुजाता उभी होती, डोळे सुजलेले. ते तिच्याकडं बघून म्हणाले, "लेकरा, मग तसं सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "सांगितलं ना, बाबा." 

मला वाटलं, झालं, मिटलं. उठावं. पण काका म्हणाले, "बाई, गैरसमज झाला, माझं चुकलं. पण परभणीला शब्द गेलाय. स्थळ चांगलं आहे. मास्तर आहे पोरगा. आता मागं कसं फिरायचं?"

"सुजाताला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? सगळं तिच्यासाठीच तर करतो मी."

आता बाई भाषण देतील असं मला वाटलं. त्यांचा चेहराही तसा झाला होता. पण त्या चहा पिऊन म्हणाल्या, "खिल्लारेसाहेब, माझी एक अडचण आहे. चित्ररेखेच्या बापाला वकील नाही. ज्याच्याकडं तो होता त्या पोराला कोचिंग लागलं, तो मराठी सोडून गेला. बाकीचे कुणी घेईनात. बारा दिवसांनी सुनावणी आहे. बिनवकिलाच्या माणसाला मी दोषी ठरवणार नाही, माझ्या वडिलांनी ते शिकवलं नाही मला. तुम्ही उभे राहाल? बापाची बाजू बापानंच मांडलेली बरी."

"मी? बाई, मी मॅट्रिक."

"चार लिप्या वाचता. हे एकाच लिपीत आहे. तेवढे बारा दिवस पोरीला वर्गात येऊ द्या, उलटतपासणी तिनं करायचीय."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं. परभणीला कळवलं गेलं की दोन आठवडे थांबा. सुजाता दुसऱ्या दिवशी वर्गात आली. तिच्या मनात काय चाललं होतं ते ती बोलली नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की बारा दिवसांनी काही झालं नाही तर हिची खुर्ची रिकामी होणार. अनिल तर सुनावणीच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "आपण सगळ्यांनी मिळून तिच्या बापाला जिंकू द्यायचं का? खूश होतील ना." मी म्हणालो, येड्या, ते जिंकले तर परभणी पक्की. मग आम्ही दोघंही परेशान होऊन बसलो.

सुनावणीला काका अर्धी रजा टाकून आले. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात सुतळीनं बांधलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे. ते त्यांनी पुढच्या बाकावर ओळीनं मांडले. बाईंनी विचारलं, हे काय? तर काकांनी बारा दिवस ड्यूटी करून आल्यावर सगळं नाटक सॉर्ट केलं होतं. प्रत्येक वाक्य एका चिठ्ठीवर, वर कोण कुणाला म्हणतंय ते. किल्लेदार ते सोनार, एक गठ्ठा. किल्लेदार ते हुजऱ्या, एक गठ्ठा. जयदत्त ते चित्ररेखा, सगळ्यांत जाड. "मला दुसरं वाचता येत नाही," ते म्हणाले. "कुणाकडून आलं आणि कुणाला गेलं, एवढंच बघतो."

बाई इतकी वर्षं ते नाटक शिकवत होत्या. त्या उठून बाकापाशी आल्या आणि गठ्ठ्यांकडं बघत राहिल्या. मला काकांचा हेवा वाटला, आणि बहुधा बाईंनाही.

काका बोलायला लागले. आणि काय बोलले. गढीला वेढा पडलेला, दाणागोटा संपत आलेला, बायको गेलेली, तरणी पोर घरात. माझ्या अशिलाला झोप नाही, पान एकवीस. तो सेनापतीला म्हणतो, माझ्यामागे हिचं कोण, पान चाळीस. 'त्यानं खोटं कंकण पाठवलं हे वाईट केलं. पण पोरीनं त्या गवयाच्या पोराला विसरावं, सुखात राहावं, एवढंच त्याच्या मनात. ती जीव देईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.' त्यांनी शेवटी हात जोडले. आम्ही आठही जण मनातून फुटलो होतो. सखीची वकील डोळे पुसत होती.

बाई खाकरल्या. "जिरह."

सुजाता उभी राहिली. बापाकडं बघत नव्हती, गठ्ठ्यांकडं बघत होती. "आपल्या अशिलाचं मुलीशी किती वेळा बोलणं झालं?"

काका गठ्ठे चाळू लागले. सोनाराचा उचलला, ठेवला. सेनापतीचा उचलला, ठेवला. कडेचा एक होता, त्याला सुतळीही लागली नव्हती. "दोन चिठ्ठ्या," ते म्हणाले.

"पहिली?"

"'आत जा.' पान अठरा."

"दुसरी?"

काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. ती त्यांनीच लिहिली होती, त्यांच्याच अक्षरात होती, पण वाचायला त्यांना वेळ लागला. "पान शहाण्णव. ती गेल्यावर. 'बाळ, बोलत का नाहीस?'"

सुजाता खाली बसली. आणखी काही विचारायचं तिला सुचलं नसावं, किंवा नको वाटलं असावं. काका चिठ्ठी हातात धरून उभे होते, आणि मला एकाएकी या माणसाबद्दल इतकं वाईट वाटलं की मी खाली बघायला लागलो.

मग ते बाईंना म्हणाले, "बाई, मला वकीलबाईंना एक विचारायचं होतं. चालतं का?"

"रीतीत बसत नाही," बाई म्हणाल्या. "विचारा."

ते सुजाताकडं वळले. "तुला काय करायचंय?"

सुजाताला आधी कळलंच नाही. मग ती उभी राहिली, प्रश्न वर्गात विचारल्यावर उभं राहतात तशी. "मला लॉ करायचंय, बाबा. वकील व्हायचंय."

"खरीखुरी?"

"हौ."

काकांनी मान हलवली. चिठ्ठ्या गोळा केल्या, एकेक गठ्ठा पुन्हा बांधला. "माझ्या अशिलाकडं आणखी सांगण्यासारखं नाही," ते बाईंना म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. फैसल्याला हात वर करायची वेळ आली तेव्हा आम्ही कुणीच किल्लेदाराला दोषी म्हणायला हात वर केला नाही. काकांनी एकट्यांनी केला. बाईंनी उस्मानिया बिस्किटांचा पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट त्यांना दिलं. त्या आठवड्यात ते स्वतः परभणीला गेले आणि पाया पडून शब्द परत घेऊन आले.

पुढं आम्ही पांगलो. मला विमान घ्यायला आलं नाही, पण हायटेकच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, ती बरी चालली आहे. बाई निवृत्त झाल्या. सुजातानं लॉ पूर्ण केलं, दोन वर्षं एका सीनियरच्या हाताखाली काढली, आणि एक दिवस तिचा फोन आला, उद्या माझी पहिली केस आहे, स्वतःची, येतोस का.

मी पोचलो तर मूसी नदीकाठच्या कोर्टात बाई केव्हाच्या येऊन बसल्या होत्या. नवी साडी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली, दिवसभराच्या तयारीनं. शेजारी खिल्लारे काका, पांढरा शर्ट. बाईंनी मला खुणेनं सरकून जागा दिली आणि कानात म्हणाल्या, "बोलू नकोस हं." दोन तास आम्ही दुसऱ्यांच्या तारखा ऐकल्या. मग पुकारा झाला. सुजाता काळा कोट सावरत पुढं गेली. समोरच्या वकिलानं मुदत मागितली. जजसाहेबांनी कागदावरून मान न उचलता विचारलं, तुमच्याकडून कोण? सुजाता म्हणाली, "सुजाता भगवानराव खिल्लारे, सर." साहेबांनी पुढची तारीख दिली. झालं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

बाहेर व्हरांड्यात ती आमच्याकडं आली ती रडवेली होऊन. "बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात. आज काहीच झालं नाही. एक शब्द बोलायला मिळाला नाही मला."

बाईंनी तिच्या कोटाची कॉलर सरळ केली. "नाव सांगितलंस की," त्या म्हणाल्या. "तुला विचारलं, कोण, आणि तू सांगितलंस. मी ऐकलं. ह्यांनी ऐकलं. बघ जरा ह्यांच्याकडं."

काका भिंतीकडं तोंड करून उभे होते, रुमालानं चष्मा पुसत. पुसून झाला होता तरी पुसत होते. सुजाता त्यांच्याजवळ गेली. बाईंनी मला बाजूला घेतलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धर. चार पोळ्या आहेत, तुम्ही वाटून खा." मग त्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या, पदरानं तोंड झाकून, आणि मनसोक्त रडल्या. येणारे-जाणारे वकील वळून बघत होते. एकानं थांबून अदबीनं विचारलं, अम्मा, केस हरलात का? बाईंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि हसायला लागल्या.